हाळी

मार्चच्या पहिल्या शनिवारी पहिली मेंढी व्यायली. कोकराचा डावा कान फाटका आहे हे नीलांबरीला ते पुसून कोरडं करताना दिसलं.

फाटका म्हणजे ओरबाडलेला नव्हे. टोकाला मधोमध एक खाच होती, माशाच्या शेपटीसारखी. दोन्ही बाजू सारख्या, मोजून कापल्यागत.

"अहो, हे बघा जरा. आईनंच चावलंय की काय?"

नरेंद्र गोठ्याच्या दारातून आत आला, एक बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसला. गुडघ्यात नवा सांधा बसवल्यापासून त्याचं बसणं हा एक कार्यक्रमच झाला होता. कोकरू मांडीवर घेऊन त्यानं कान बोटांत धरला.

"फ्रॉस्टबाइट. ओला कान आधी गोठतो," तो म्हणाला. तीस-पस्तीस वर्षं मिशिगनभर गाईगुरांचा डॉक्टर म्हणून हिंडलेला माणूस, उत्तर खिशातच असायचं. पण अंगठा खाचेवरून फिरला तसा त्यानं हात एकदम आखडून घेतला. कड गुळगुळीत होती आणि तिच्यावर बारीक लव उगवली होती. पहाटे जन्मलेल्या कोकराच्या अंगावर भरून आलेली जखम कुठून आली, हे विचारायचं नीलांबरीच्या ओठांवर आलं होतं. नवऱ्याचा चेहरा बघून तिनं ते गिळलं आणि कोकराला चीक पाजायला घेतलं.

ॲन आर्बरहून तासभर पश्चिमेला त्यांची ही जागा. खाली घर आणि गोठा, मागे एक बोडकी टेकडी. नरेंद्र रिटायर झाला तेव्हा त्याच्या वयाचे महाराष्ट्र मंडळातले लोक क्रूझवर गेले. यानं बावीस मेंढ्या घेतल्या. तो माण तालुक्यातल्या धनगराच्या घरचा. आज्जा उभा जन्म घोंगडं खांद्यावर टाकून मेंढरांमागं चाललेला. त्यामुळे 'रक्तच ते, जाणार कुठं' असं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. नीलांबरीला मात्र दोन गोष्टी कधी कळल्या नव्हत्या. एक म्हणजे धनगराच्या या मुलानं गेल्या तेवीस वर्षांत मटणाचा तुकडा तोंडात घातला नव्हता. दुसरी म्हणजे तो आपल्या मेंढ्यांना कधी हाक मारत नसे. टेकडीवरून त्यांना बोलवायचं झालं तर मक्याची बादली खुळखुळवायचा. सासरी एकदा तिनं आज्जाची हाळी ऐकली होती. जीभ टाळ्याला लावून काढलेला लांब घुमारा, शेवटी वर चढून तुटणारा. दोन मैलांवरची मेंढरं त्या आवाजाला माना वर करत. प्रत्येक घराची हाळी वेगळी असते आणि ती बापाकडून पोराकडं जाते, असं आज्जानंच तिला सांगितलं होतं. मग यांच्या गळ्याला काय झालं होतं?

या मेंढ्यांचा मात्र हा शेवटचाच महिना होता. टेकडी सरकारी योजनेत गेली होती. पंधरा वर्षं तिथं फक्त झाडं लावायची, जनावर सोडायचं नाही. सरकार त्याबद्दल वर्षाला भाडं देणार. सह्या दसऱ्याच्या आसपास झाल्या होत्या आणि टेकडीच्या कडेनं गुलाबी फिती बांधलेल्या खुंट्या ठोकून माणसं गेली होती. महिनाअखेर टेकडी रिकामी हवी, असं कागदावर होतं. टेकडी गेल्यावर खालच्या दोन एकरांत बावीस मेंढ्या काय माती खाणार? अठ्ठावीस तारखेला वॉल्ट नावाचा शेजारचा व्यापारी त्यांना न्यायला ट्रेलर घेऊन येणार होता.

सही करायला नीलांबरीनंच नवऱ्याच्या मागं लकडा लावला होता. तो चौसष्टचा, ती साठीची. बर्फात घसरून कोण कुठं पडेल, याचा नेम नव्हता.

बुधवारपर्यंत आणखी तीन कोकरं झाली. तिघांचेही डावे कान तसेच.

दुपारी दोघं जेवायला बसले. नरेंद्रची एक जुनी खोड होती. इथं राहून तो रोज वेल्समधल्या शेतीच्या बातम्या वाचायचा. दोन हजार एक साली तिकडं जनावरांत लाळ-खुरकताची साथ आली, तेव्हा डॉक्टर कमी पडले म्हणून त्यांनी बाहेरून मागवले. त्यात हा पाच आठवडे जाऊन आला होता. तिथलं तो कधी काही बोलला नाही, पण बातम्या वाचायचं सोडलं नाही. भाकरी मोडता मोडता त्यानं फोनवर एक व्हिडिओ लावला आणि त्याचा हात ताटातच राहिला.

एका मोठ्या सरकारी इमारतीच्या पायऱ्या, आणि त्यांच्यावर गमबूट. रिकामे, चिखल लागलेले, जोडीजोडीनं ओळीत मांडलेले. बूट संपतच नव्हते. त्यांत माणूस एकही नव्हता.

"हे काय आता?" नीलांबरीनं विचारलं.

"तिकडं नवं धोरण येतंय. शेतातली इतकी जागा झाडांना द्या, इतकी पाखरांना द्या, तर सरकार मदत करणार. शेतकरी म्हणतात यानं साडेपाच हजार माणसांचं काम जाईल. म्हणून तेवढे बूट आणून ठेवलेत."

"म्हणजे आपल्यासारखंच की."

"आपल्यासारखं नाही. आपण हौसेनं केलं. आपल्याला प्लेनोला जाऊन लेकीच्या घरी बसता येतं." त्यानं फोन उपडा ठेवला. "त्या डोंगरावरच्या माणसाला डोंगर सोडून काय येतं?"

त्या दिवशी त्याची भाकरी तशीच राहिली. नीलांबरीला राग आला, कारण भाकरी चांगली फुगली होती.

पुढच्या आठवड्यात मेंढ्यांनी एक नवंच खूळ धरलं. रोज चारच्या सुमाराला, ऊन उतरलं की, सगळ्या गोठ्यामागच्या वाडग्यात, कुंपणाच्या आवारात, येऊन टेकडीकडं तोंड करून उभ्या राहत. ना रवंथ, ना ओरडणं. पोटाशी कोकरं, तीही वर बघत. टेकडीवर त्या गुलाबी फिती सोडल्या तर काही नव्हतं. नीलांबरी तिथं बादली आपटायची, शिव्या घालायची, पण एकही मान वळत नसे. पंधरा-वीस मिनिटांनी कुणीतरी सोडल्यासारख्या त्या हलत आणि चरायला लागत. तेवढा वेळ तिला स्वतःच्या श्वासाचासुद्धा आवाज मोठा वाटे.

"कोयोटी येत असेल वर," नरेंद्र म्हणाला. कोयोटी म्हणजे इथला लहान लांडगा.

"कोयोटी आली तर पळतील ना? ही तर वाट बघताहेत."

नरेंद्र बादली उचलून गोठ्यात गेला.

लेक हिमानीचा टेक्सासमधल्या प्लेनोहून फोन आला तेव्हा नीलांबरीनं हे सगळं तिला सांगितलं.

"आई, प्लीज. इट्स अ जेनेटिक थिंग. एकच बोकड आहे ना, त्याचाच जीन असणार. बाबा इतके वर्षं व्हेट आहेत आणि तुम्ही दोघं घाबरून बसलाय?"

"बोकड नव्हे गं, मेंढा. आणि त्याचे कान चांगले आहेत."

"व्हॉटेव्हर. ट्रेलर कन्फर्म केलाय ना? खालची रूम रेडी आहे. बाबांना चढावं लागणार नाही."

"केलाय," नीलांबरी म्हणाली. बोलताना तिचं लक्ष खिडकीबाहेर होतं. चार वाजले होते.

त्या दिवशी ती कोकरं मोजायला लागली. बोट रोखून, एक, दोन, तीन. नरेंद्रनं मागून येऊन तिचं बोट मुठीत धरलं.

"मोजू नकोस."

"का?"

"आमच्यात मेंढरं मोजत नाहीत. तोंडानं ओळखायची. मोजलं की घटतं, आज्जा म्हणायचा."

"आणि जन्मभर कागदावर गुरं मोजलीत ती?"

"म्हणूनच सांगतोय," तो म्हणाला आणि पाय ओढत निघून गेला.

पण ओळखायचं म्हटलं तरी आकडा मनात होतोच. पंचवीस तारखेला सकाळी अकरावं फाटक्या कानाचं कोकरू झालं. मधलं चांगल्या कानाचं एकही नव्हतं. दहा सरळ झाली होती. हे मात्र पायाळू होतं. नरेंद्र कोपरापर्यंत हात घालून अर्धा तास झटला तेव्हा कुठं ते बाहेर पडलं. त्यानं ते उलटं धरून झाडलं, नाकातलं काढलं, आणि ते शिंकलं तसा त्याचा डावा कान पाहिला. मग तो तिथंच पेंढ्यात बसला, बादलीबिदलीचा कार्यक्रम न करता.

"झाली," तो म्हणाला. "आता अशी आणखी होणार नाहीत."

"तुम्हाला काय माहीत?"

घंटाभरानं पलीकडची मेंढी व्यायली. कोकराचे दोन्ही कान आख्खे होते. नीलांबरीनं ते चार-चारदा चाचपून पाहिले आणि नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आता सांगा."

त्यानं रक्ताळलेले हात पेंढ्याला पुसले.

"डोंगरावरचं शेत होतं. म्हाताऱ्याचं नाव इवान. त्याच्या कळपाला काही झालं नव्हतं. शेजारच्या शेतात साथ निघाली होती, आणि नियम असा होता की शेजारचीही मारायची. मी सही करायला गेलो होतो. त्यानं सगळी मेंढरं खाली आणून कोंडली होती. म्हणाला, एवढीच. कागदाला आकडा जवळपास जमत होता. दुसरा कुणी असता तर सही करून मोकळा झाला असता."

"मग?"

"माझं कोंडवाड्याकडं लक्ष गेलं. काही कोकरं भिंतीला लागून उभी होती. डोंगराकडं तोंड करून. ओरडत नव्हती. मी धनगराचं पोर, मला मोजावं लागलं नाही. आया वर राहिल्या होत्या. त्यानं लपवल्या होत्या. तिकडची मेंढरं डोंगराला दाव्याशिवाय बांधलेली असतात. आई आपल्या लेकराला शिकवते, हा आपला उतार, इथंच राहायचं. कुंपण लागत नाही. ती शिकवणारी मेंढरं गेली की डोंगर पुन्हा कुणाला शिकवता येत नाही. म्हणून थोडीतरी राहू देत, एवढंच त्याचं होतं."

"तुम्ही सांगितलंत का साहेबांना?"

"सांगितलं असतं तर बरं. धुकं होतं, शोधायला गेलेल्यांना सापडली नसती. माझ्याबरोबर दोन तरणे डॉक्टर होते, मला सारखे चिडवायचे. डॉक, तुमच्याकडं मेंढ्या असतात का, की फक्त गाईच? मला काय हुक्की आली. म्हटलं, बघा. आणि आज्जाची हाळी दिली."

गोठ्यात कोकरू चुटुचुटु पीत होतं.

"ती यायलाच नको होती, नीला. माझा आवाज त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. परक्या देशातली हाळी. पण धुक्यातून एकामागं एक उतरली आणि येऊन माझ्यापुढं उभी राहिली. अकरा होत्या. डाव्या कानाला इवानच्या घरची खूण, अशीच."

"तो काय म्हणाला?"

"शिव्या घालील वाटलं होतं. टोपी काढली त्यानं. म्हणाला, माझ्याशिवाय कुणाच्या हाकेला येत नाहीत ही. तुझ्या हाकेला आली. आता तुझी." नरेंद्रनं कोकराचा कान पुन्हा बोटांत घेतला. "दाराची खिट्टी माझ्या हाताजवळ होती. मी ती काढली असती, हुसकावली असती, तर धुक्यात गेली असती. मी सही केली. तीन आठवड्यांनी रक्ताचे रिपोर्ट आले. सगळी चांगली होती."

नीलांबरीला नवऱ्याची कीव आली आणि त्याच वेळी त्याचा तिटकाराही आला. तिनं त्याला हात धरून उठवलं, पण नंतर तिचा हात लगेच सुटला.

"ट्रेलर परत पाठवूया का?" रात्री भांडी विसळताना तिनं विचारलं.

"सही झालीय," तो म्हणाला. "पहिल्यापासून माझं तसंच. सही झालीय."

अठ्ठावीसला गुरुवार. वॉल्ट सकाळी नऊला आला. बर्फ वितळून सगळा चिखल झाला होता. ट्रेलर वाडग्याला मागे लावला, फळी पाडली आणि पाहतात तर वाडगं रिकामं. बावीसच्या बावीस मेंढ्या आणि सगळी कोकरं टेकडीच्या माथ्यावर, फितींच्या पलीकडं, धुक्याच्या कडेला उभी होती. रात्री फाटक लावलं होतं आणि ते लावलेलंच होतं. ती बाहेर कशी पडली, हा प्रश्न तिघांनीही एकमेकांना विचारला नाही.

नरेंद्रनं टेकडीकडचं मागचं फाटक उघडलं आणि बादली खुळखुळवली. एकही हलली नाही. वॉल्टनं कुत्रं सोडलं. ते निम्म्या चढावर गेलं, थांबलं, पोट जमिनीला लावून परत आलं आणि ट्रकखाली शिरलं. वॉल्टनं दोनदा हाका मारल्या तरी ते बाहेर येईना.

"आजवर असं नाही केलं यानं," वॉल्ट ओशाळून म्हणाला. तो भला माणूस होता, पण त्याला दुपारच्या आत आणखी एक फेरी होती. "डॉक, तुम्हीच काहीतरी करा. तुमची आहेत ती."

नीलांबरीनं नवऱ्याकडं पाहिलं. तो फळीशेजारी उभा होता, चिखलात पाय रोवून. खिशात फोन वाजत होता, हिमानीचाच असणार. त्यानं तो बंद केला. मग तोंडाशी तळवे नेले.

"अहो, नको," ती म्हणाली.

तेवीस वर्षं न वापरलेला आवाज. आधी नुसती खरखर निघाली. मग जीभ टाळ्याला लागली आणि तो घुमारा उठला, लांब, शेवटी वर चढून तुटणारा. हा आवाज तिच्या नवऱ्याचा नव्हता, मेलेल्या आज्जाचा होता.

माथ्यावरची मेंढरं एका ओळीत उतरायला लागली. घाई नाही, ओरडणं नाही. पुढं फाटक्या कानाची अकरा कोकरं, आयांच्याही पुढं. तीन दिवसांचं अकरावंसुद्धा न अडखळता चालत होतं. ती वाडग्यात शिरली, आणि ती अकरा येऊन नरेंद्रच्या पुढ्यात उभी राहिली. त्यांनी माना वर करून त्याच्याकडं पाहिलं.

"वा, डॉक," वॉल्ट म्हणाला. त्यानं मागचं फाटक लावून खिट्टी घातली. "असं होतं तर इतका वेळ बादली कशाला वाजवत होता?"

आणि तेव्हा टेकडीवरून हाक आली.

हाळी नव्हती ती. म्हाताऱ्या माणसाची बारीक, थकलेली शीळ. एकदा आणि मग पुन्हा एकदा. धुकं माथ्यावरून थोडं खाली आलं होतं. सगळ्या मेंढ्यांनी एकदम माना वळवल्या. नीलांबरीनं वॉल्टकडं पाहिलं. तो फळीची साखळी सोडवत होता, त्यानं काही ऐकलं नव्हतं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. त्याचे ओठ मिटलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

"ऐकलंत?" तिनं विचारलं.

त्यानं मान डोलावली. मग लंगडत, मेंढरांतून वाट काढत तो मागच्या फाटकापाशी गेला. खिट्टी ओल्या लाकडात घट्ट बसली होती. त्यानं दोन्ही हातांनी ओढली, निघेना. नीलांबरी चिखल तुडवत गेली आणि तिनं आपले हात त्याच्या हातांवर ठेवले. खिट्टी निघाली.

"जावा," नरेंद्र म्हणाला. "जावा वर. धुक्यात जावा."

मेंढरं निघाली. वॉल्ट ओरडत होता, हातवारे करत होता. त्याच्याकडं कुणी पाहिलं नाही. खुंट्या ओलांडून, फिती तुडवून सगळी वर गेली आणि धुक्यात दिसेनाशी झाली.

वॉल्टची माफी मागावी लागली. सरकारी कचेरीला पत्र लिहून करार मोडावा लागला, तिथल्या बाईनं फोनवर चार शब्द ऐकवले. हिमानी तर आठवडाभर बोललीच नाही. तिनं खालच्या खोलीला पडदेसुद्धा लावले होते. नीलांबरीला त्या पडद्यांचं वाईट वाटलं, आणि ती तसं लेकीला म्हणालीही.

त्या गुरुवारी संध्याकाळी धुकं उठलं तशी मेंढरं आपली आपण खाली आली. नीलांबरी फाटकात उभी राहिली. तिनं बोट रोखलं नाही, एकेकीचं तोंड ओळखत आत घेतलं. बावीस आल्या. आख्ख्या कानाची कोकरं सगळी आली. ती अकरा आली नाहीत.

दोघांनी दुसऱ्या दिवशी टेकडी पालथी घातली. रक्त नाही, लोकर नाही, खुराचा ठसा नाही. वॉल्ट म्हणाला, कोयोटी, दुसरं काय. त्याला कुणी खोडून काढलं नाही.

पण लेकरू गेलेली मेंढी तीन-तीन दिवस ओरडते, हंबरडा फोडते, हे नीलांबरीनं पाच वर्षांत अनेकदा पाहिलं होतं. या अकरा आया गप्प होत्या. चारला टेकडीकडं तोंड करून उभ्या राहत, धुकं असलं तर वर जात, आणि दिवेलागणीला निवांत रवंथ करत परत येत.

"यांची कास तटतटेल," रविवारी ती म्हणाली. "पिळायला हवं, नाहीतर ताप येईल."

नरेंद्रनं बादली पालथी घातली आणि एका मेंढीला ओढून घेतलं. खाली हात घातला. मग दुसरीला घेतलं, मग तिसरीला. अकराही जणींना हात लावून झाला, पण पिळलं एकीलाही नाही.

"काय झालं?"

"बघ तूच."

नीलांबरीनं वाकून हात घातला. कास मऊ होती, रिकामी. सड ओले आणि कोमट होते, आत्ताच तोंडातून सुटल्यासारखे.

नरेंद्रनं तळवा विजारीला पुसला आणि टेकडीकडं पाहिलं.

"पितात," तो म्हणाला. "पोटभर पितात."